मिसेस चला

अनघा विचारते, बाबा, आईबद्दल काय बोलणार तुम्ही?
दोन मिनिटं आहेत, फार तर तीन.
मी पाकिटाच्या पाठीवर लिहायला घेतलं:
शरयू वायंगणकर. जन्म वेंगुर्ल्याचा.
पुढे पेन अडलं.

काय लिहू?
की पहिल्या हिवाळ्यात ग्रिम्सबीच्या धक्क्यावर
माझा स्वेटर साडीवर चढवून उभी होतीस
आणि म्हणालीस, वास तरी ओळखीचा आहे?
की फ्रीमन स्ट्रीटच्या बाजारात
बांगड्याचे कल्ले उघडून पाहिलेस,
त्या दांडग्या मासळीवालीला मालवणीत झापलंस,
आणि तिला एक शब्द न कळता
तिनं दहा पेन्स उतरवले?

हे मला ठाऊक. गावाला तू ठाऊक होतीस पिवळ्या कोटातली.
हातात तुझ्याहून उंच दांडी, वर गोल पाटी,
शाळेपुढच्या चौकात, बावीस वर्षं,
सकाळी एकदा, दुपारी एकदा.
मासळीचे ट्रक, दुधाच्या गाड्या,
एकदा तर पोलिसांचीसुद्धा.
तू रस्त्यात पाऊल टाकायचीस, बस्स.
मी जन्मात कधी
रांगेत घुसणाऱ्याला हटकलं नाही,
आणि माझी बायको वीस टन थांबवायची.

पोरांना म्हणायचीस, चला, चला.
पोरांना वाटलं, तेच तुझं नाव.
नाताळला कार्डं यायची:
प्रिय मिसेस चला.
तू एकदाही दुरुस्त केलं नाहीस.
बँकेनं मात्र वायंगणकर चुकवलं की
फोनवर एकेक अक्षर चढ्या आवाजात,
शेजारच्या घरापर्यंत.

देवी वगैरे नव्हतीस.
मीठ कमी आहे म्हटलं तर बरणीच आदळायचीस समोर.
मी निवृत्त झालो. म्हटलं, जाऊ या परत,
दोन कलमं लावू, ओटीवर बसू.
अकरा दिवस बोलली नाहीस.
बाराव्या दिवशी चहाला आधण ठेवताना
पाठमोरीच म्हणालीस,
तिकडे माझ्यासाठी कोण थांबतंय?
मी कलमांचा विषय पुन्हा काढला नाही.
काढायला हवा होता का, माहीत नाही.

शेवटच्या आठवड्यात
तुझा उजवा हात पांघरुणातून वर यायचा, ताठ,
तळवा समोर.
औषधानं होतं असं, नर्स म्हणाली.
मी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं.
नऊला वीस कमी होती.
मी खुर्ची थोडी मागे घेतली.

तुला नेताना गाडी त्याच रस्त्यानं निघाली
आणि चौकात अडली.
नवा पोरगा होता, गारठ्यानं कान लाल झालेला,
त्याला काय ठाऊक आत कोण आहे.
त्यानं दांडी धरली. तीन मुलं उतरली रस्त्यात.
मधोमध धाकटीची नाडी सुटली,
ती तिथेच बसली बांधायला.
दोनदा चुकली.
ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं माझ्याकडे,
काळ्या टोपीखाली ओशाळलेला.
मी म्हटलं, बांधू दे.
घाई केली असती तर
तू आतून काच वाजवली असतीस.

पाकीट कोटाच्या खिशातच राहिलं.
अनघा बोलली, छान बोलली,
मला त्यातलं काही आठवत नाही.

दाराशी एक माणूस भेटला,
डोकं चौकटीला लागेल एवढा उंच.
ट्रक चालवतो म्हणाला,
लहानपणी त्याच शाळेत होता.
माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला.
शब्द काही येईनात त्याला.
ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले,
शेवटी म्हणाला, चला.
अगदी तुझ्यासारखं, ला लांबवून.

मी त्याच्या मागोमाग बाहेर आलो.
बाहेर एकही गाडी नव्हती, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
तरी मी फुटपाथच्या काठाशी उभाच राहिलो,
अनघा येऊन
कोपराला धरीपर्यंत.